गुळाच्या गावातलं ताक

माझ्या सासऱ्यांनी साखर सोडली आणि आमच्या घरातला गुळाचा खप वाढला. आज मी हे हसत सांगते. त्या वर्षी मात्र त्यांचा पाय राहतो की जातो असा प्रश्न होता, आणि अशा वेळी हसायची हिंमत घरात फक्त आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, होती.

मी साताऱ्याची. वडील कचेरीत कारकून होते आणि मी सातवी पास झालेली, त्याचा मला जरा जास्तच तोरा होता. दुसरी मोठी लढाई चालू असताना माझं लग्न झालं आणि मी सांगलीजवळच्या एका कृष्णाकाठच्या गावात नांदायला आले. नवरा पलटणीत होता. अंगावरची हळद उतरायच्या आत त्याची रजा संपली आणि तो गेला. घरात उरलो आम्ही तिघं, आत्याबाई, मी आणि मामंजी. मामंजी आधीच्या लढाईत मेसापोटेमियाला जाऊन हवालदार होऊन परत आलेले. गाव त्यांना आबा म्हणे. ऊस आमचा, गुऱ्हाळ आमचं, आणि त्या गुळाचा रंग कसा असावा यावर मामंजींचा शब्द शेवटचा.

पायाचं दुखणं गुऱ्हाळातच सुरू झालं. कढईखालच्या चुलवाणाच्या तोंडाशी उभं राहून मामंजी गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला काही सांगत होते, आणि त्यांच्या वहाणेत एक निखारा शिरला. दुसरा कोणी असता तर उड्या मारत सुटला असता. मामंजी बोलतच राहिले. घरी आल्यावर सारवलेल्या जमिनीवर ओले डाग दिसले, म्हणून आत्याबाईंनी त्यांचा पाय धरून उलटा केला, तर तळपाय भाजून फुटलेला. मामंजींना काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. चार दिवस ते आपल्या सोसण्याची बढाई मारत फिरले. मग जखम भरेना, आणि बढाई थांबली.

सांगलीच्या डॉक्टरांनी ती जखम भरून काढली, पण एक बोट गेलं. रोग मधुमेहाचा होता. गावात त्याला लघवीला मुंग्या लागणं म्हणत आणि कोणी फारसं मनावर घेत नसे. डॉक्टरांनी मात्र समोर बसवून नीट समजावलं. तळपायाची जाणीव गेली आहे, तिथे काय लागलं ते तुम्हाला कळणार नाही. साखर बंद. रोज चालायचं. रोज तळपाय बघायचे. सुईचं औषध निघालं आहे, पण लढाईमुळे ते मिळेल याचा भरवसा नाही. आणि पुढच्या खेपेला बोटावर भागणार नाही, पाय गुडघ्यापासून काढावा लागेल.

मामंजी जन्माचे शिपाई. हुकूम म्हटला की हुकूम. घरी आल्या आल्या त्यांनी साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला. साखर तेव्हा रेशनवर मिळे, त्यामुळे शेजारच्या घरी दिवाळीच झाली. पण गूळ म्हणजे काही साखर नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं. साखर गिरणीतली, कशाकशाने पांढरी केलेली, परक्याची. गूळ आपल्या मातीतला. बाळंतिणीला गूळ, थकल्या बैलाला गूळ, देवाला गूळ. तो अपाय कसा करेल? सगळ्या गावाचं हेच मत होतं, आणि माझंही, सातवी पास असून. साखर सोडल्याबद्दल त्यांना बक्षीस म्हणून आत्याबाई भाकरीवर काकवीची धार जरा जास्तच सोडत.

शिवाय उपाय चालूच होते. शनिवारी गूळ घेऊन मामंजी सांगलीच्या पेठेत जात आणि येताना नवा उपाय घेऊन येत. आरोग्याचं तेव्हा फार मोठं वारं सुटलं होतं. सूर्यनमस्काराचे तक्ते घरोघरच्या भिंतींवर आले होते, मातीचे पट्टे, पाण्याचे उपचार, कच्चं अन्न, लांबलचक उपास, सगळ्याचे पुरस्कर्ते होते आणि प्रत्येकाचा काका नाहीतर मेव्हणा त्या उपायाने खडखडीत बरा झालेला होता. एका शनिवारी निळ्या-हिरव्या बाटल्या आल्या. त्यांत पाणी भरून उन्हात ठेवायचं आणि निळ्याचं सकाळी, हिरव्याचं संध्याकाळी प्यायचं. दुसऱ्या शनिवारी पत्र्याचा टब आला आणि मामंजी परसात त्या टबात गार पाण्यात कंबरेपर्यंत बसू लागले. म्हैस पाण्याला जाताना दचकायची. मग कच्च्याचा आठवडा आला. चुलीवरचं खायचंच नाही. भिजवलेले मूग, मुळा, कोवळी मेथी. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं आणि तो आठवडा तिथेच संपला. कडुलिंबाचा रस आला, जांभळाच्या बियांची पूड आली. उपासाचीही लाट आली, पण आमच्याकडे उपास म्हणजे रताळी, साबुदाणा आणि गुळातले शेंगदाण्याचे लाडू. मामंजी ते लाडू मोठ्या निष्ठेने खात.

प्रत्येक उपाय ते लढाई पुकारल्यासारखा सुरू करत आणि पुढच्या शनिवारपर्यंत तो अडगळीत गेलेला असे. त्यातला एकच टिकला. सकाळच्या कोवळ्या उन्हात अंगणात बाज टाकून, पाय पसरून ते बसत आणि लढाईच्या बातम्यांचा पेपर वाचत. ऊन अंगात मुरवायचं असतं असं कोणीतरी सांगितलं होतं. खरं कारण मला वाटतं एवढंच, की त्यांना तिथे बसायला आवडायचं. आवडलेल्या गोष्टीची कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही.

चालण्याचा हुकूमही ते पाळत. पण चालायचे कुठे, तर गावातून. आणि आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला पायरीवरच तांब्या आणि गुळाचा खडा पुढे करतात. पाणी नुसतं देणं म्हणजे आलेल्याला हलका लेखणं, आणि गूळ नको म्हणणं म्हणजे त्या घराला हलकं लेखणं. आबा दारावरून जातायत म्हटल्यावर तर प्रत्येक घर पुढे येणार. मामंजी घामाने निथळत, आनंदात परत येत. जितकं जास्त चालणं तितका जास्त गूळ, हे गणित आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.

दिवाळीनंतर ते पुन्हा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांचं सांगणं नीट लक्षात ठेवायला म्हणून मला बरोबर नेलं होतं. डॉक्टरांनी नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब सोडले आणि नळी दिव्यावर धरली. रंग निळा राहिला तर उत्तम, हिरवा झाला तर सांभाळून, असं त्यांनी मला आधीच सांगितलं. बघता बघता नळीतलं औषध विटेसारखं लाल झालं. डॉक्टरांनी विचारलं, गोड खाता का? मामंजी म्हणाले, साखरेचा कण शिवलेला नाही, शपथेवर सांगतो. मग चहा? गुळाचा, मामंजी अभिमानाने म्हणाले. सकाळी? भाकरी आणि काकवी. फिरायला जाता? रोज, आणि मग त्यांनी घरांची नावं आणि त्या त्या घरच्या गुळाची प्रत सांगायला सुरुवात केली.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी नळी जाळीत ठेवली आणि सावकाश सांगितलं, की शरीराला गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही. एवढंच. मामंजींनी मान हलवली आणि जाकिटाची बटणं लावली.

परतताना गाडीच्या दोन्ही बाजूंनी तुऱ्याला आलेला ऊस होता. आमच्या शिवेत गाडी शिरली तेव्हा मामंजी म्हणाले, "पोरी, साखर गेली त्याचं मला काय न्हाई. पर गूळ बी गेला तर माझ्या घरात माझं काय ऱ्हायलं?"

मी साताऱ्याची शहाणी, पण त्या प्रश्नापुढे माझं शहाणपण काही चालेना. माणूस आपल्या शेतात पिकवलेलं, आपल्या हाताखाली शिजवलेलं खाऊ शकत नाही, याचं दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं आणि फार वाईट वाटलं.

घरात गूळ बंद करणं आमच्या हातात होतं. आत्याबाईंनी काकवीची बरणी उंच फळीवर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून भाकऱ्या थापू लागल्या. गावाचं काय करायचं, हा प्रश्न होता. मामंजींना आपणहून नको म्हणता आलं नसतं. बाकी सगळं जमलं तरी एवढं त्यांना जमणारं नव्हतं. मला वाटलं, त्यांच्या निश्चयावर सगळा भार टाकण्यात अर्थ नाही. निश्चयाचे किती शनिवार आम्ही पाहिले होते. त्यापेक्षा दारं बदलावीत.

नदीवर धुणं धुताना मी बायकांपाशी विषय काढला. आबा आले की गुळाच्या ऐवजी ताक द्या, मीठ-जिरं घालून. सगळ्यांचे हात थांबले. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहायची, जिला सगळे काकी म्हणत आणि जिच्या तोंडाला सगळे भीत. ती म्हणाली, "दारात आल्याला गूळ न्हाई दिला तर आमी तोंड कुटं दावायचं? लोक म्हणतील, घर बसलं हिचं." मी म्हटलं, काकी, गूळ दिलात तर त्यांचा पाय जाईल. ती बराच वेळ कपडा पिळत राहिली. मग म्हणाली, "ताक द्यू. पर त्यास्नी सांग, आमी चिकट न्हाई."

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते त्या दारांवरून गेलेच नसते, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मामंजी फिरायला गेले आणि नेहमीपेक्षा लवकर परत आले. चेहरा उतरलेला. पहिल्या घरी ताक, दुसऱ्या घरी ताक, तिसऱ्या घरी तर पोरीने तांब्या दिला आणि आत पळून गेली. त्यांनी आत्याबाईंना विचारलं, भावकीत काही बिनसलं आहे का, आपल्याकडून कोणाचा अपमान झाला आहे का. गाव आपल्याला पूर्वीसारखं मानत नाही, अशी त्यांची समजूत झाली. त्यानंतर ते फिरायला गेले नाहीत. सदरेवर भिंतीला टेकून बसून राहू लागले, आणि मी ज्यासाठी एवढा खटाटोप केला होता ते चालणंच बंद पडलं.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, सदरेच्या उंबऱ्यात उभी राहिले आणि मीच सगळ्यांना सांगितलं असं बोलून टाकलं. सुनेनं सासऱ्यासमोर एवढं बोलायची आमच्यात रीत नव्हती. मामंजींनी पेपर खाली ठेवला. "म्हंजे सगळ्या गावाला ठावं हाय?" मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा पेपर वर धरला, आणि पुढचे काही दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला रडू येई, रागही येई. मनात म्हणे, जाऊ दे पाय, मला काय. पण तसं वाटत नव्हतं.

मग एका दुपारी काकी आली. उन्हातून, काठी टेकत, हातात ताकाचा तांब्या. सदरेच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आवं आबा, तुमी येईना झाला, म्हनून मीच आले. घ्या." मामंजींनी तोंड फिरवलं. काकी म्हणाली, गूळ द्यायला माझं काय जातंय, घरात ढेप पडली आहे. पण हवालदार गावातून चालत जातो तेव्हा पोराबाळांना बरं वाटतं, तो बाजेवर पडला तर गावाने कोणाकडे बघायचं? तांब्या रिकामा होईपर्यंत ती हलली नाही. मामंजींनी ताक संपवलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "मीठ जास्त झालंय." काकी म्हणाली, उद्या येऊन कमी करून घ्या.

दुसऱ्या दिवशी ते गेले. हळूहळू गावाने त्याचा खेळच केला. कोणाचं ताक घट्ट, कोणाच्या ताकात पुदिना, कोणी आल्याचा तुकडा ठेचून घातलेला. मामंजी परत येऊन आत्याबाईंना प्रत सांगत, पूर्वी गुळाची सांगत तशी. माझ्याशीही बोलू लागले, फक्त त्या विषयावर नाही.

राहिला होता तळपायांचा हुकूम. स्वतःचा तळपाय त्यांना दिसत नव्हता, पाठ तेवढी वाकत नव्हती, आणि दुसऱ्या कोणाला ते बघू देत नव्हते. त्या निखाऱ्याच्या दिवसापासून आत्याबाईंनी पायाला हात लावलेलाही त्यांना चालत नसे. मी विचार करकरून थकले. मग लक्षात आलं, की एक कारण असं आहे ज्यासाठी सून सासऱ्याच्या पायाशी रोज वाकू शकते आणि कोणी तिला नको म्हणू शकत नाही. एरवी मी सणावारी पाया पडायचे. आता रोज पडू लागले. सकाळी ते बाजेवर ऊन खात पाय पसरून पेपर वाचत असत, तेव्हा मी पायाशी बसून वाकायची, आणि डोकं टेकवता टेकवता दोन्ही तळपाय, टाचा, बोटांच्या बेचक्या बघून घ्यायची. मामंजी पेपराआडून "सुखी राहा" म्हणायचे. शेजारणी म्हणायच्या, साताऱ्याची पोर, पण काय वळण आहे.

उसाच्या तोडणीचे दिवस होते. एका सकाळी वाकले आणि उजव्या टाचेत बाभळीचा काटा दिसला, वहाणेतून आरपार गेलेला, भोवती लालसर. कधी मोडला होता कोण जाणे. ते त्याच पायाने सगळ्या रानात फिरून आले होते. मी पाय मांडीवर घेतला, काटा काढला, कडुलिंबाचं पाणी उकळून आणलं, धुतलं, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध लावून स्वच्छ फडक्याने बांधलं. पेपर तोंडासमोरच होता, पण पान उलटलं नाही. चालणं थांबवलं, पाय रोज धुतला, आणि आम्ही सगळ्यांनी वाट पाहिली. या वेळी जखम भरली. डॉक्टरांच्या नळीतलं औषध तापून आधी हिरवं झालं होतं, मग पुढच्या खेपेला निळ्याच्या जवळ आलं. त्या दिवशी सांगलीहून मामंजी रिकाम्या हाताने परत आले. नवा उपाय नव्हता, हे आत्याबाईंनी आधी ओळखलं.

माझ्या पाया पडण्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. फक्त त्या काट्यानंतर मी अंगणात आले की ते पाय आणखी थोडे पुढे करत आणि बोटं पसरून धरत. त्यांना किती कळलं आहे, हे मला कळत नव्हतं, आणि विचारण्याची सोय नव्हती.

लढाई संपली तेव्हाची गोष्ट. मामंजींच्याच जुन्या पलटणीतला एक नाईक आमच्या गावी पाहुणा आला होता. वयाने लहान, हुद्द्याने खालचा, अजूनही मामंजींना पाहून टाचा जुळवणारा. सदरेवर बोलता बोलता तो म्हणाला, की हल्ली पायात मुंग्या येतात, वहाण निसटली तरी समजत नाही. मामंजी उठले, त्याला अंगणात बाजेवर नेऊन बसवलं आणि वहाणा काढून पाय पसरायला सांगितलं. तो गोंधळला. मामंजींनी चष्मा लावला, त्याच्या पायाशी जमिनीवर उकिडवे बसले आणि जमेल तेवढी ताठ पाठ वाकवून आपलं डोकं त्याच्या तळपायांपर्यंत खाली आणलं. मी ओसरीवर होते. गावात कोणापुढे न वाकलेला माणूस मी तसा कधी पाहिला नव्हता.

नाईक पाय ओढून घेऊ लागला. "आवं हवालदार, ह्ये काय करताय? मी ल्हान हाय तुमच्यापरीस."

मामंजींनी त्याचा घोटा घट्ट धरला. बोटांच्या बेचक्या एक एक करून बघत राहिले आणि मान वर न करता म्हणाले, "हलू नगंस. आमच्या घरात पाया असंच पडत्यात."